काळ्या बग्गीपासून करड्या बग्गीपर्यंत

लँकेस्टर काउंटीत सायकल घेऊन जायचं असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा हा भाग, मोटार आणि बाहेरून येणारी वीज न वापरणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा, न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून गाडीनं अडीच तासांवर. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथं नेतो. इंटरकोर्स किंवा बर्ड-इन-हँड या गावांत गाडी लावायची, ३४० नंबरच्या रस्त्यावरची दुकानं पाहायची, भाड्याच्या बग्गीत फेरी मारायची आणि संध्याकाळी परत. एवढ्यात लांब दाढीची माणसं आणि पांढऱ्या टोप्यांच्या बायका दिसतात, पण त्यांचं गाव दिसत नाही. तिथल्या रानांमधून माणसाच्या वेगानं जावं, असं फार दिवस मनात होतं.

त्यामागं आणखी एक कारण होतं. माझं माहेर निपाणीजवळचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं. लँकेस्टरचे आमिश शेतकरी आजही तंबाखू लावतात आणि सगळं काम घरच्या माणसांनिशी करतात, हे वाचल्यापासून ते पीक डोळ्यांनी पाहायचं होतं. बहिणीची मुलगी फिलाडेल्फियात शिकते, सायकल उत्तम चालवते. तिला विचारलं, तर म्हणाली, "मावशी, तू फक्त तारीख सांग." सप्टेंबरचा दुसरा आठवडा ठरवला. तेव्हा तंबाखूची कापणी चालू असते, मका मुरघासाला आलेला असतो आणि ऑगस्टचा दमट उकाडा ओसरलेला असतो.

रस्ते निवडायला वेळ लागला. ३०, ३४० आणि २२२ हे मोठे रस्ते शक्य तिथं टाळायचे आणि शेतांमधल्या गल्लीवजा रस्त्यांनी जायचं, हे पहिलं सूत्र. हे छोटे रस्ते डांबरी आणि चांगले आहेत, पण कडेला जागा अशी नसतेच. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून कायदा आहे की सायकलला ओलांडताना मोटारीनं किमान चार फूट अंतर ठेवावं आणि त्यासाठी मधली रेघ ओलांडली तरी चालेल. बग्गीमागून सावकाश जायची सवय असल्यानं इथले चालक हे पाळतात, असा आम्हांला अनुभव आला. शेवटच्या टप्प्यात जुन्या रेल्वेमार्गाचा खडीचा रस्ता येणार होता, म्हणून दोघींनीही जाड टायर घातले, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्या आणि चाकांवर मडगार्ड चढवले. मडगार्ड मी आग्रहानं सांगेन. रस्त्यात घोड्यांची लीद असते, आणि पावसाची एखादी सर आली की ती थेट तोंडावर उडते.

गाडी लिटिट्झमध्ये ठेवली. मोराव्हियन पंथाच्या लोकांनी १७५६ मध्ये वसवलेलं हे टुमदार गाव. तिथून एफ्राटापर्यंत जुन्या रेल्वेलाइनवर केलेली सायकलवाट आहे, सावलीची आणि सपाट. पाय मोकळे व्हायला उत्तम. शुक्रवार असल्यानं एफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार भरलेला होता. पीच, टोमॅटो, लोणच्यांच्या बरण्या, कोंबड्या, सगळं एकाच आवारात. १७३२ मध्ये स्थापन झालेला तिथला मठ आम्ही धावता पाहिला. खरी मजा पूर्वेला, हिंकलटाउन आणि मार्टिनडेलच्या दिशेनं वळल्यावर सुरू झाली.

कारण तिथं रस्त्यावर आमच्यासारखेच सायकलवाले होते. लांब झग्यातल्या मुली, काळ्या पँटी आणि पट्टे घातलेले मुलगे, हँडलला डबा अडकवून कामावरून परतणारे बाप्ये. हात वर करून ओळख देत सगळे पुढे जात होते. भाची चकित झाली. "पण आमिश सायकल चालवत नाहीत ना?" तिचं बरोबर होतं. हे आमिश नव्हतेच, मेनोनाइट या आमिशांच्या जवळच्या ख्रिस्ती पंथातले जुन्या वळणाचे लोक होते. त्यांच्या बग्ग्या काळ्या असतात. मोटार ठेवावी की नाही या प्रश्नावर १९२७ मध्ये इथल्या मेनोनाइटांत फूट पडली. एका गटानं मोटार घेतली, दुसरा घोडागाडीवर राहिला. या दुसऱ्या गटाला सायकल चालते आणि शेतात ट्रॅक्टरही चालतो. अट एकच, ट्रॅक्टरला रबरी टायर नको, लोखंडी चाकं हवीत. असा एक ट्रॅक्टर आम्ही मार्टिनडेलजवळ अगदी शेजारून पाहिला. मागच्या मोठ्या चाकाला टायरच्या जागी लोखंडी धाव, तिच्यावर आडवे दाते. रानात तो व्यवस्थित चालत होता. रबरी टायर असता तर पोरांनी तो मोटारीसारखा रस्त्यावर आणला असता, गावाबाहेर पळवला असता. लोखंडी चाकावर ते जमत नाही. यंत्र हवं, पण शेतापुरतंच, असा हा विचार सरळ त्या चाकातच ठोकून बसवलेला.

त्या रात्री एका मेनोनाइट कुटुंबाच्या शेतघरात उतरलो. दुसऱ्या दिवशी न्यू हॉलंड ओलांडून, वेल्श माउंटनची रांग डावीकडे ठेवत दक्षिणेला निघालो. हा सगळा चढ-उताराचा प्रदेश. एकही चढ फार मोठा नाही, पण एक संपला की लगेच दुसरा. गिअर सारखे बदलावे लागतात. साधारण दहाएक मैलांच्या अंतरात रस्त्यावरचं चित्र बदलत गेलं. काळ्या बग्ग्या कमी झाल्या, आमिशांच्या करड्या दिसू लागल्या. ट्रॅक्टर गेले, खेचरं आली. सायकली तर नाहीशाच झाल्या आणि त्यांच्या जागी स्कूटर आल्या. स्कूटर म्हणजे इंजिनाची नव्हे. सायकलीची दोन चाकं, मध्ये उभं राहायला खाली पट्टी, हँडल आणि पुढे टोपली. एक पाय पट्टीवर, दुसऱ्यानं जमीन मागे ढकलायची. एक दहा-बारा वर्षांची मुलगी निळ्या झग्यात, अनवाणी, अशीच चढावरून आमच्याबरोबर निघाली होती. माथ्यापर्यंत ती मागे पडली नाही.

हा बदल मोटारीत बसून कळत नाही. वाटेत पाटी नाही, कमान नाही. दर मैलाला एखादी खूण बदलते आणि ती दिसायला आपला वेगही तेवढाच हवा. म्हणून उत्तरेकडून उतरावं, असं मी सुरुवातीला म्हटलं.

बग्गीला ओलांडणं ही वेगळी विद्या आहे, ती मात्र शिकून घ्यावी लागते. बग्गीचे घोडे बहुतेक स्टँडर्डब्रेड जातीचे, शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेले. सपाटीला आणि उताराला ते चांगलेच पळतात, आपण उगाच मागे लागण्यात अर्थ नसतो. चढाला त्यांचा वेग पडतो, तेव्हा ओलांडावं. घोड्याच्या डोळ्यांना झापडं असतात, त्याला मागचं दिसत नाही. सायकल आवाज न करता अचानक बाजूला आली तर तो बुजू शकतो. घंटी वाजवण्यापेक्षा माणसाचा आवाज बरा. वीस-पंचवीस फुटांवरून मोठ्यानं "गुड मॉर्निंग, डावीकडून येतोय" म्हणायचं, हाकणाऱ्यानं मान हलवली की पूर्ण डावी बाजू घेऊन जायचं आणि पुढे गेल्यावर लगेच आडवं यायचं नाही. बग्गीला मागे नारिंगी त्रिकोण, दिवे, वळणाचे इंडिकेटर आणि ब्रेक असतात, त्यामुळे ती कुठं वळणार हे आधी कळतं. रस्त्याच्या मधोमध नालांनी झिजलेला एक पट्टा असतो. सायकलचं चाक त्यात न घालता उजवीकडून चालवलेलं चांगलं.

नालाचाच एक खिळा गॉर्डनव्हिलच्या अलीकडे भाचीच्या मागच्या चाकात शिरला. ट्यूब बदलली, पण हातपंपानं हवा पुरेशी भरेना. समोर लाकडी कपाटं बनवणारं वर्कशॉप होतं, दार उघडं. आतल्या आमिश माणसानं एकदा चाकाकडे पाहिलं, भिंतीवरून हवेची नळी ओढली आणि दोन सेकंदांत टायर टणक केला. तिच्या सायकलला मोटारीसारखा व्हॉल्व्ह होता म्हणून जमलं, स्कूटरलाही तोच असतो. मी विचारलं, वीज नाही तर ही हवा कुठून? तो आम्हांला मागे घेऊन गेला. एका खोपटात डिझेल इंजिन धडधडत होतं, त्याला जोडलेला कॉम्प्रेसर, बाहेर जमिनीत पुरलेली मोठी टाकी. तिथून नळ्या वर्कशॉपमध्ये आणि घरातही गेलेल्या. करवत हवेवर चालते, विहिरीचा पंप हवेवर चालतो, बायकोचं कपडे धुण्याचं यंत्रही हवेवरच. दिव्याला बॅटरी आहे. "बाहेरून तार घरात येऊ द्यायची नाही, एवढंच," तो म्हणाला. लँकेस्टरच्या आमिश धर्मगुरूंनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेला हा निर्णय. वीज पाप आहे असं त्यांचं म्हणणं नाही. ती तार आली की तिच्यामागून रेडिओ येईल, नंतर टीव्ही येईल आणि घर बाहेरच्या जगाला बांधलं जाईल, ही त्यांची भीती. ती भीती बाळगत त्यांनी केवढी कारागिरी उभी केली आहे, ते मी त्या खोपटात पाहिलं आणि मला मनापासून कौतुक वाटलं.

भाचीनं त्याला विचारलंच, "मग सायकल का नको?"

"सायकलवर माणूस फार लांब जातो," तो म्हणाला. "रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचत नाही."

त्याचं उत्तर नीट समजलं ते रविवारी. शनिवारी संध्याकाळीच खाणं-पाणी भरून घेतलं होतं, कारण रविवारी आमिश माणूस काही विकत नाही. दारादारावर पाट्या असतात, रविवारी विक्री बंद. सकाळी पॅराडाइजच्या वाटेवर एका घराच्या आवारात करड्या बग्ग्यांची रांग लागलेली दिसली. घोडे सोडून गोठ्यात बांधलेले, बाकांची गाडी कोठाराजवळ उभी. आमिशांचं चर्च नावाची इमारत नसते. पंचवीस ते चाळीस घरांचा एक गट, एक रविवार सोडून एक, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमतो. बाकं गाडीतून या घरातून त्या घरात जातात. तीन तास प्रार्थना, मग सगळ्यांचं जेवण. गट वाढला की त्याचे दोन करतात, म्हणजे कुणालाच लांब जावं लागत नाही. घोडागाडी, स्कूटर, पाय, सगळ्यांची मर्यादा त्याच गटाच्या सीमेशी येऊन थांबते. शेजारी आजारी पडला तर दूध काढायला चालत जाता आलं पाहिजे, या एका हिशोबावर हे गाव मांडलेलं आहे. आम्ही न थांबता, न बोलता पुढे गेलो. भाचीनं मोबाईल पिशवीतच ठेवला होता. चेहऱ्याचे फोटो त्यांना चालत नाहीत, आणि विचारणंही बरं दिसत नाही.

पॅराडाइजचा लीमन प्लेस पूल पिक्वे ओढ्यावर आहे. छताचा लाकडी पूल, आत गेलं की गार. असे पूल या काउंटीत पंचवीसहून जास्त शिल्लक आहेत. छत प्रवाशांसाठी नसून तुळयांसाठी असतं. पाऊस लागला नाही की लाकूड शंभर वर्षं सहज टिकतं. काही पुलांवर फळ्यांच्या फटी चाकाच्याच दिशेनं जातात, तिथं बारीक टायर असेल तर उतरून चालावं.

तंबाखू सोमवारी भेटला. स्ट्रासबर्गच्या दक्षिणेला, घराघरांत दोऱ्यांवर आठवड्याचं धुणं वाऱ्यावर उंच चढलेलं असताना, उतारावर मला लांबूनच ती रुंद, जड, पिवळसर पडलेली पानं दिसली. मी सायकल आडवीच टाकली. आई-बाप, चार-पाच मुलं आणि एक म्हातारे आजोबा रानात होते. शेंडे आधीच खुडलेले, फुटवे काढलेले. बाप लांब दांड्याच्या कात्रीनं झाड बुडातून कापून अलगद आडवं टाकत होता. ते दोन-चार तास उन्हात मलूल होऊ द्यायचं, म्हणजे पान तुटत नाही. त्यामागून मुलं चार फुटी लाकडी पट्ट्या घेऊन येत होती. पट्टीच्या टोकाला लोखंडी टोकदार टोपण बसवायचं, झाडाचा देठ त्यावर दाबून आरपार करायचा, अशी पाच-सहा झाडं ओवली की टोपण काढून पुढच्या पट्टीला लावायचं. भरलेल्या पट्ट्या खेचरांच्या गाडीवर टांगून कोठाराकडे. तिथं त्या आढ्यापर्यंत थरावर थर चढवतात, भिंतीच्या उभ्या फळ्या दारासारख्या उघडतात आणि पान दोन-तीन महिने वाऱ्यावर वाळतं.

आमच्याकडं बिडीचा तंबाखू, त्याची तऱ्हा वेगळी. जानेवारी-फेब्रुवारीत कापून रानातच उन्हात पसरायचा. पण शेंडा खुडणं, फुटवे मोडणं, हाताला चढणारा तो काळा चिकट थर, हे सगळं तसंच. बांधावर पाणी प्यायला आलेल्या बाईला मी सांगितलं की माझे वडील हेच पीक काढायचे. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि एक झाड पुढं केलं. मी ते बुडाशी धरलं, पानाला हात न लावता, जसं आईनं शिकवलं होतं. ती हसली. मग बराच वेळ आम्ही बोललो. वाळलेलं पान हाताळायचं ते हवा दमट असतानाच, नाहीतर चुरा होतो, हे दोघींनाही सांगावं लागलं नाही. त्यांच्याकडे थंडीत तळघरात बसून घरची सगळी पानं तोडतात, आजोबा-आजी गोष्टी सांगतात. तिला काळजी होती ती जमिनीची. मुलं सात, रान एक, आणि लँकेस्टरमधल्या जमिनीचा भाव तरुण जोडप्याला परवडेनासा झालेला. आज इथल्या निम्म्याहून अधिक आमिश घरांचं पोट शेतीवर नाही, सुतारकाम, बांधकाम, दुकानांवर आहे. काही कुटुंबं दुसऱ्या राज्यांत स्वस्त जमीन शोधत जातात. वाटण्यांनी तुकडे पडलेली आमच्या भागातली रानं माझ्या डोळ्यांपुढे होती. त्या बाईची काळजी मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निघताना तिनं पुदिन्याच्या गार चहाची बाटली भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पुढचा रस्ता निकेल माइन्सवरून जातो. २ ऑक्टोबर २००६ ला इथल्या एका खोलीच्या आमिश शाळेत एका बंदूकधाऱ्यानं दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या. त्याच दिवशी आमिश माणसं त्या मारेकऱ्याच्या घरी, त्याच्या बायका-पोरांचं सांत्वन करायला गेली, पुढे त्याच्या दफनालाही उभी राहिली. शाळा दहा दिवसांत पाडली, नवी दुसऱ्या जागी बांधली. जुन्या जागी आता गवत आहे. भाचीला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं, आणि पुढचे दोन-तीन मैल ती माझ्यापुढे एकटीच चालवत राहिली.

तिथून जवळच एनोला लो ग्रेड ट्रेल लागते. पेनसिल्व्हेनिया रेल्वेरोडनं १९०३ ते १९०६ या काळात मालगाड्यांसाठी हा मार्ग बांधला. डोंगर कापून, दऱ्या भरून चढ जवळजवळ शून्यावर आणला. सुरुंगाच्या कामात अनेक मजूर दगावले. रूळ निघाले, आता खडीची वाट आहे. चढ-उतारांनंतर ती सपाटी पायांना औषधासारखी लागली. क्वारीव्हिलला मुक्काम करून मंगळवारी सकाळी सेफ हार्बरचा लोखंडी पूल गाठला. कोनेस्टोगा नदी जिथं सस्क्वेहॅनाला मिळते, तिथं तिच्यावरून उंचावर जाणारा हा जुना रेल्वेपूल २०२२ मध्ये चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी उघडला. खाली धरण, समोर रुंद पात्र. इथं आमिशांची रानं संपतात.

लँकेस्टर शहरात सेंट्रल मार्केट मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी भरतं. १८८९ च्या लाल विटांच्या इमारतीत आम्ही गरम प्रेट्झेल खात बसलो, आणि भाचीनं लगेच ओहायोचा नकाशा उघडला. होम्स काउंटीतले आमिश सायकल चालवतात. तिथं एक लांब सायकलवाट आहे, तिची अर्धी रुंदी बग्गीसाठी आणि अर्धी सायकलसाठी बांधलेली. अलीकडे तर तिथं अनेक आमिश विजेच्या सायकली वापरतात, सौर पॅनेलवर चार्ज करून. पंथ तोच, पण कुठलं चाक किती लांब जाऊ द्यायचं हे प्रत्येक ठिकाणचा गट आपापलं ठरवतो. भाचीला तिथं जाऊन विचारायचं आहे की विजेच्या सायकलवर माणूस रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचतो का. मेच्या तारखा तिनं काढून ठेवल्या आहेत. तोवर लिटिट्झपर्यंतचे आठ मैल उरले होते, ते चालवायला आम्ही उठलो.